'१९८४'मधील श्रमिकांच्या घरी टेलिस्क्रीन नव्हता. आपल्याकडे उलटे का झाले?

ग्रंथस्नेही, फोंडा

आमच्या वाचनमंडळात गेले दोन महिने जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीचे सामूहिक वाचन चालू आहे. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतील टेलिस्क्रीन, म्हणजे घरातले सगळे पाहणारा, ऐकणारा आणि पूर्णपणे कधीच बंद न करता येणारा पडदा, पुस्तक न वाचलेल्यांनाही ऐकून ठाऊक असतो. परंतु परवाच्या बैठकीत एका सदस्याने ज्या तपशिलाकडे लक्ष वेधले, तो माझ्या नजरेतून निसटला होता. ओशनिया या कादंबरीतल्या देशाच्या लोकसंख्येत ८५ टक्के असलेल्या श्रमिकांपैकी बहुतेकांच्या घरी टेलिस्क्रीन नव्हताच. सत्तेला त्यांची धास्ती वाटत नव्हती. तिची नजर होती ती पक्षाच्या सभासदांवर.

आपल्याकडे मात्र ज्याच्यापाशी कमी आहे त्याचीच नोंद जास्त. मी स्वतःच्या घरात राहतो, म्हणून मला भाडेकरू पडताळणीचा अर्ज भरावा लागत नाही. माझ्या मागच्या खोलीत राहणाऱ्या गवंड्याला भरावा लागतो. स्वस्त धान्यासाठी अंगठा त्यालाच लावावा लागतो. गेल्या महिन्यात त्याच्या अर्जासाठी आधारची प्रत काढायला आम्ही दोघे झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने हिशेब करायला बिघडलेल्या प्रतींच्या गठ्ठ्यातला वरचा कागद ओढला आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने 'बारा रुपये' लिहून तो माझ्या हातात दिला. मी कागद उलटला, तर एका अनोळखी बाईचा चेहरा, पत्ता, जन्मतारीख आणि पूर्ण क्रमांक. त्या दुकानदाराच्या मनात काहीही वाईट नव्हते, हे मी खात्रीने सांगतो.

माझा प्रश्न असा आहे की, ही कादंबरीतलीच पाळत आहे, की हे काही निराळेच आहे आणि त्यासाठी आपल्याला निराळा शब्द शोधावा लागेल?

निवृत्त शिक्षिका, डिचोली

आपला प्रश्न वाचून मला आमच्या आजोबांची आठवण झाली. पण आधी थोडे मागे जाते. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर, इन्क्विझिशनचे, म्हणजे ख्रिस्ती धर्माविरुद्ध वागणाऱ्यांची चौकशी करणारे, न्यायालय होते. त्या न्यायालयाने १७३६ साली काढलेला एक जाहीरनामा अ. का. प्रियोळकर यांच्या अभ्यासामुळे आपल्याला वाचायला मिळतो. धर्मांतर झालेल्या कुटुंबांनी घराच्या आवारात तुळस लावू नये, हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, अशा गोष्टी त्यात आहेत. हे शाळेत शिकवताना एका मुलीने मला विचारले होते की, भातात मीठ घातले की नाही हे त्यांना कसे कळायचे? त्या काळी पडदा नव्हता, कॅमेरा नव्हता. कळायचे ते शेजारणीकडून, घरात कामाला येणाऱ्या माणसाकडून. चुलीपर्यंत पोचणारी नजर गोव्याने यंत्राशिवाय पाहिलेली आहे.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या अमदानीत लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडे दाखवावी लागत असे. माझ्या आईवडिलांचे लग्न मुक्तीच्या पाच वर्षे आधीचे. त्यांची पत्रिका अजून आमच्या पेटाऱ्यात आहे आणि तीत निमंत्रकांमध्ये आजोबांच्या सख्ख्या धाकट्या भावाचे नाव नाही. ते चळवळीत होते आणि सरहद्द ओलांडून बेळगावला गेले होते. लहानपणी मला वाटायचे की पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, ते नाव खोडले. पुढे आजोबांनीच सांगितले, 'कोणी काही खोडले नाही. मसुदा लिहायला बसलो तेव्हा मीच ते घातले नाही.' हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नव्हते.

आपण निराळा शब्द शोधत आहात, म्हणून एवढेच सुचवते की कोण पाहते यापेक्षा, कोणी पाहील या भयाने आपण काय लिहायचे सोडून देतो, तिकडे आपल्या मंडळाने लक्ष द्यावे.

एक वकील, म्हापसा

बाईंनी सांगितलेली पत्रिकेची हकिकत मी दोनदा वाचली. मूळ प्रश्नातील 'उलटे' या शब्दाबद्दल मला थोडे सांगायचे आहे, कारण कायद्याच्या इतिहासातही पाळतीची सुरुवात दुबळ्या माणसाच्या दारातूनच झालेली दिसते. उत्तर प्रदेशातील खडक सिंग या माणसाला दरोड्याच्या प्रकरणात पकडून पुराव्याअभावी सोडून दिले होते. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाने पाळतीचे खाते उघडले आणि रात्री-अपरात्री त्याच्या घराचे दार ठोठावायला सुरुवात केली. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला नाही. तो मानला जाण्यासाठी २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तसा निर्णय दिला.

हक्क मिळाला, पण त्याची राखण कोण करते, हे पाहा. फोन ऐकण्याचा अधिकार वर्षानुवर्षे १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातून येत होता. १९९६ च्या निकालाने त्यावर बंधने घातली आणि असे आदेश तपासणाऱ्या समित्या आल्या. मात्र त्या समित्यांवर सगळे सरकारचेच सचिव, न्यायाधीश एकही नाही. माहिती संरक्षणाचा अभ्यास करणाऱ्या न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात दाखवून दिले की, दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या आदेश-तपासणी समितीपुढे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. इतके आदेश एका बैठकीत कोणी वाचू शकत नाही, हे सांगायला वकील लागत नाही. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १७ नुसार केंद्र सरकार एखाद्या सरकारी यंत्रणेला अधिसूचना काढून त्या कायद्यातून वगळू शकते. ज्याच्यापासून संरक्षण मागायचे तोच सूट देणारा, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

आपल्या गवंड्यासाठी एक व्यवहाराची सूचना: आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते. चालेल तिथे तीच द्यावी.

पाहुणेघर चालवणारा, काणकोण

मला इथे थोडा मतभेद नोंदवायचा आहे. माझ्याकडे विदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्याला रात्री एका मोटारीने उडवले आणि ती न थांबता निघून गेली. ती सापडली ती एका दुकानाच्या कॅमेऱ्यामुळे. ज्याच्या घरी असे घडले आहे, त्याला 'कॅमेरे काढा' असे मी सांगू शकणार नाही.

परंतु त्याच वेळी मी एक गोष्ट शिकलो. चित्रण मागायला मी चार ठिकाणी गेलो आणि प्रत्येक ठिकाणी विचारले की हे किती दिवस ठेवता, कोण पाहते, पुसते कोण. उत्तर कुणाकडेच नव्हते. एका ठिकाणी तर कॅमेरा चालू आहे की बंद, हेही माहीत नव्हते. त्यानंतर मी माझ्या दारावर पाटी लावली: 'येथील चित्रण १५ दिवसांनी पुसले जाते.' पाहुणे ती वाचतात आणि कधी कधी विचारतातसुद्धा. सरकारी खांबावरच्या कॅमेऱ्याखाली अशी पाटी लावायला काय हरकत आहे?

ग्रंथस्नेही, फोंडा

सर्वांचा आभारी आहे. काणकोणच्या भाईंचे म्हणणे मला पटले. माझाही आक्षेप कॅमेऱ्यापेक्षा त्या न दिल्या गेलेल्या उत्तरांवर आहे, हे त्यांच्यामुळे स्पष्ट झाले. वकीलसाहेबांची सूचना गवंड्याला सांगितली. त्याने विचारले, 'अर्ज घेणारा झाकलेले अंक चालवून घेईल का?' त्याच्याजागी मी विचारले असते तर कदाचित चालवून घेतले असते, म्हणून सोमवारी मी त्याच्याबरोबर जाणार आहे. त्या अनोळखी बाईची प्रत मी दुकानदाराला दाखवली, तेव्हा त्याने मुकाट्याने गठ्ठा उचलून माझ्यासमोरच फाडला आणि हिशेबासाठी वही विकत आणली.

बाई, एक विनंती आहे. कादंबरीचा नायक खोलीच्या ज्या कोनाड्यात, टेलिस्क्रीनच्या नजरेआड बसून रोजनिशी लिहू लागतो, त्या प्रकरणाचे वाचन आम्ही पुढच्या बैठकीत पुन्हा करणार आहोत. शक्य असल्यास आपण यावे आणि ती लग्नपत्रिका बरोबर आणावी.