रक्तदान शिबिर: एकदम की पाळीपाळीने?

अध्यक्ष: नमस्कार मंडळी. सोसायटीच्या वर्धापनदिनाला रक्तदान शिबिर ठेवतोय. १०० बाटल्यांचं टार्गेट! भराभर नावं द्या. बॅनर छापायला टाकलाय.

ए-१०३: 👍 आम्ही दोघं.

बी-२०४: काका, मी दर शनिवारी रक्तपेढीत स्वयंसेवक म्हणून जाते, म्हणून एक बोलते. १०० जणांनी एकाच दिवशी दिलं की त्यानंतर कोणालाच बोलावता येत नाही. पुरुषांना निदान ३ महिने थांबावं लागतं, बायकांना ४.

अध्यक्ष: अगं, पण रक्त साठवून ठेवतातच ना?

बी-२०४: लाल पेशी थंडीत ठेवल्या तर ३५ ते ४२ दिवस. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, फ्रीजमध्ये ठेवतच नाहीत. २०-२४ अंशांवर सतत हलत्या ट्रेमध्ये असतात, तरी साधारण ५ दिवसांत संपतात. कॅन्सरसाठी केमो चालू असलेल्यांना त्याच लागतात. सुट्ट्या लागल्या की दाते गावाला जातात, आजार काही सुट्टीवर जात नाही. मग आम्ही फोन करत बसतो.

सी-४०१: बापरे, हे माहीतच नव्हतं. तू तिथे नक्की काय करतेस?

बी-२०४: यादी घेऊन फोन करते, काकू. मागचं रक्तदान कधी झालं ते बघायचं, मुदत उलटली असेल तर विचारायचं. दहातले बरेच जण "बघतो" म्हणतात 😀

डी-३०२: शिक्षण चालू असताना एवढा वेळ? परीक्षेचं काय? आणि सर्टिफिकेट मिळतं का?

बी-२०४: मिळतं काका, तासांची नोंद होते. पण परीक्षेच्या महिन्यात जाणार नसेन तर आधी सांगते आणि माझ्या जागी वर्गातली मैत्रीण जाते. शनिवारी फोन करणारं कोणी नसेल तर पेढीची पंचाईत होते.

ए-१०३: बरोबर आहे. झाड लावतानाचा फोटो सगळे काढतात, पाणी घालणारा एकच असतो.

डी-३०२: हो, पण शिबिर अगदीच वाईट म्हणू नका. माझ्यासारखा माणूस एकटा पेढीत कधी गेला असता? शेजारी निघाले म्हणून मी निघालो.

बी-२०४: ते खरंय काका. नवे दाते शिबिरातच मिळतात. म्हणून बंद करा म्हणत नाही, वाटून घ्या म्हणतेय. पुरुषांचे ३ गट, दर महिन्याला एक. बायकांचे ४. वर्धापनदिनाला पहिले गट. पुढची आठवण मी करून देईन.

सी-४०१: आणि तू पुढच्या वर्षी नोकरीला लागलीस की?

बी-२०४: म्हणूनच यादी माझ्या फोनमध्ये नको, सोसायटीच्या ऑफिसात ठेवू. दुसऱ्या कोणीतरी माझ्यासोबत आत्तापासून शिकून घ्या ना.

सी-४०१: माझा धाकटा १८चा झालाय. त्याला पाठवते. दिवसभर मोबाईलवरच असतो, निदान कामाचे फोन तरी करेल.

अध्यक्ष: ठीक. पण बॅनरवर १०० छापलंय त्याचं काय करू?

ए-१०३: खाली बारीक अक्षरात "वर्षभरात" लिहा 😂

अध्यक्ष: 😂 चालेल. पहिल्या गटात माझं नाव घे गं. ५८ वय चालतं ना?

बी-२०४: चालतं काका, पण बीपी आणि हिमोग्लोबिन तिथे तपासतीलच. चालू गोळ्यांची नावं लिहून आणा, आणि सकाळी उपाशीपोटी येऊ नका.