मदत हवी आहे: टीकिंटरची बटणं रंग घेत नाहीत आणि तक्त्यात ‘फुलपात्र’चं ‘फलपात्र’ होतं

पेठेतला_पायथॉन (धागाकर्ता)

तांबट आळीजवळच्या भांड्यांच्या दुकानासाठी बिलिंगचा प्रोग्राम आहे. पायथॉन ३.११, विंडोज १०. खिडक्या टीकिंटरने केल्यात, म्हणजे पायथॉनमधून टीके (८.६) हा खिडक्या-बटणं काढणारा संच वापरून. हिशेब चोख चालतो, पण दिसायला अगदी कळकट. अडलंय ते असं:

‘बिल छापा’ हिरवं आणि ‘रद्द’ लाल हवंय. टीटीकेच्या (टीकेच्याच थीमवाल्या बटणा-खान्यांच्या) स्टाइलमध्ये बॅकग्राउंड दिला, तरी बटण राखाडीच राहतं. फार तर कडेला एक हिरवी रेघ उमटते.

ट्रीव्ह्यूच्या (ओळी-रकान्यांच्या) तक्त्यात निर्मला यूआय हा फॉन्ट, १४ पॉइंट लावला. ओळीची खालची-वरची बाजू कापली जाते. फुलपात्राचा उकार जातो, बंबाचा अनुस्वार जाऊन ‘बब’ उरतो. माल तोच, नावं नवी.

कॉम्बोबॉक्समधलं (यादीतून निवडायच्या खान्यातलं) निवडलेलं नाव मोठं दिसतं, पण खाली उघडणारी यादी मुंगीच्या अक्षरात.

काउंटरवरच्या लॅपटॉपचं स्केलिंग १५० टक्के आहे. तिथे सगळा पडदा धुरकट दिसतो.

‘क्यूटीत (खिडक्या करायच्या दुसऱ्या संचात) लिहा’ हे उत्तर कृपया नको. चाळीसेक खिडक्या लिहून झाल्यात.

अर्धविराम

बटणाचं कारण सोपं आहे. विंडोजवर टीटीकेची मूळ थीम ‘व्हिस्टा’. त्यात बटणाचा पृष्ठभाग टीके रंगवतच नाही, ते काम विंडोजच्या थीम इंजिनकडे असतं. तुमचा रंग त्याच्या मागे भरला जातो, म्हणून फक्त कड दिसते. ‘क्लॅम’ थीम घ्या, ती सगळं स्वतः रंगवते.

आधी थीम_यूजने थीम निवडा, मग कॉन्फिगरने रंग द्या. उलट केलंत तर सगळे रंग व्हिस्टाच्या खात्यात जमा होतील आणि क्लॅम कोरीच राहील, कारण प्रत्येक थीमची नोंद वेगळी असते. स्वतःच्या स्टाइलचं नाव काहीही ठेवा, पण शेवट ‘डॉट टीबटन’ असाच हवा, टी आणि बी कॅपिटल. नाहीतर ‘लेआउट सापडला नाही’ म्हणून प्रोग्राम आडवा होतो.

एवढ्यावर थांबू नका. क्लॅमचा स्वतःचा मॅप (कोणत्या अवस्थेत कोणता रंग, याची यादी) माउस वर आला की बटण पांढुरकं करतो, आणि हिरव्यावर पांढरी अक्षरं असतील तर ती गायब होतात. म्हणून स्टाइल.मॅपमध्ये बॅकग्राउंडसाठी डिसेबल्ड (बंद), प्रेस्ड (दाबलेलं), अॅक्टिव्ह (माउस वर) याच क्रमाने तीन रंग द्या. पहिली जुळणारी अवस्था लागू होते. बटण दाबलेलं असताना माउस वरच असतो, त्यामुळे अॅक्टिव्ह आधी लिहिलंत तर दाबल्याचा रंग कधी दिसणारच नाही.

एन्ट्रीच्या (मजकूर भरायच्या खान्याच्या) आतल्या रंगाला बॅकग्राउंड नाही, फील्डबॅकग्राउंड लागतो. यात अर्धी दुपार सहज जाते.

उकार_बचाव_समिती

ट्रीव्ह्यूच्या ओळीची उंची फॉन्टकडे बघून ठरत नाही. ती मुळात २० पिक्सेल असते आणि तशीच राहते. १४ पॉइंट म्हणजे १०० टक्के स्केलिंगवर जवळपास १९ पिक्सेल, आणि उकार-मात्रांची जागा त्याहून वेगळी. इंग्रजी अक्षरं कशीबशी मावतात, म्हणून परदेशी उदाहरणांत हा प्रश्न दिसत नाही.

उंचीचा आकडा हाताने टाकू नका. फॉन्टचा ऑब्जेक्ट करा, त्याच्या मेट्रिक्समधून लाइनस्पेस (एका ओळीला लागणारी उंची) घ्या, त्यात ६ मिळवा आणि ते ट्रीव्ह्यूच्या रोहाइटला द्या. मथळ्याची स्टाइल वेगळी असते, ‘ट्रीव्ह्यू डॉट हेडिंग’.

त्याहून बरं म्हणजे नेमटूफॉन्टने टीकेडिफॉल्टफॉन्ट, टीकेटेक्स्टफॉन्ट आणि टीकेहेडिंगफॉन्ट हे टीकेचे तीनही ठरलेले फॉन्ट सुरुवातीलाच बदला. चाळीस खिडक्या एका फटक्यात सुधारतात.

कॉम्बोबॉक्सची उघडणारी यादी हा जुन्या टीकेचा लिस्टबॉक्स आहे, टीटीकेची स्टाइल तिथे पोचत नाही. बाकीच्या खिडक्या बनण्याआधी रूटवर (मुख्य खिडकीवर) ऑप्शन_अॅड करा: तारांकन, टीकॉम्बोबॉक्स, तारांकन, लिस्टबॉक्स, डॉट, फॉन्ट. त्याला फॉन्टचा ऑब्जेक्टच द्या. नुसतं ‘निर्मला यूआय १४’ दिलंत तर मधल्या स्पेसमुळे टीके ‘यूआय’लाच आकार समजतं आणि पूर्णांक हवा म्हणून भांडतं.

खडकवासला_१५०टक्के

धुरकटपणाचं कारण असं, की प्रोग्रामने ‘मला डीपीआय (पडद्यावरच्या ठिपक्यांची दाटी) कळतो’ असं सांगितलेलं नसलं तर विंडोज त्याचं चित्र ताणून मोठं करतं. सीटाइप्समधून (पायथॉनमधून विंडोजची फंक्शनं बोलवायची सोय) एसएचकोअर डीएलएलचं सेट-प्रोसेस-डीपीआय-अवेअरनेस १ देऊन बोलवा. हे टीकेची पहिली खिडकी बनण्याआधीच झालं पाहिजे, नंतर काही उपयोग नाही. विंडोज ७ वर ती डीएलएल नाही, तिथे यूजर३२ मधलं जुनं सेट-प्रोसेस-डीपीआय-अवेअर वापरा.

मग अक्षरं धारदार होतील आणि रकाने अपुरे पडतील! पॉइंटमधले फॉन्ट वाढतात, पिक्सेलमधल्या रुंद्या आणि पॅडिंग तिथेच राहतात. रकमेचा रकाना फॉन्ट.मेझरने ‘९,९९,९९९.००’ मोजून अधिक २० असा ठेवा. पॅडिंगला विनफो_एफपिक्सेल्स ‘१आय’ (एका इंचातले पिक्सेल) भागिले ९६ ने गुणा.

वेगळ्या स्केलिंगचा दुसरा मॉनिटर जोडला तर १ देऊनही तिथे धूर राहीलच.

अर्धविराम

एक न विचारलेला सल्ला. ‘रद्द’ लाल करू नका, साधंच ठेवा आणि ‘छापा’पासून लांब ठेवा. लाल-हिरवा फरक बऱ्याच पुरुषांना नीट कळत नाही. शिवाय घाईत हात रंगाकडे नाही, जागेकडे जातो.

पेठेतला_पायथॉन

आभार. क्लॅम, रोहाइट आणि यादी जमली, फुलपात्र परत आलं. डीपीआयची ओळ मी रूटनंतर लिहिली होती, ती वर नेली. गोदामातल्या लिनक्स मशीनवर मात्र ‘किटली’ची पहिली वेलांटी ‘क’च्या मागे जाते. तिथे कोणता फॉन्ट घालू?

उकार_बचाव_समिती

कोणताही घाला, फरक पडणार नाही. लिनक्सवर टीके ८.६ देवनागरीची जुळणी करतच नाही, कोड ज्या क्रमाने तसंच एकेक अक्षर मांडतं. विंडोजवर ते काम विंडोज करून देतं. गोदामात विंडोज टाका, नाहीतर त्या एका मशीनपुरती मालाची खिडकी (नको म्हणालात, तरी शब्द मागे घेत नाही) क्यूटीत लिहा.