सल्ला हवा: मासेमारीची फ्लाय (गळावर दोरा आणि पिसं बांधून केलेला नकली किडा) बांधायला कोणत्या नमुन्यापासून सुरुवात करावी? आणि तिचं डोकं गळाच्या नेढ्यावर (दोरी ओवायच्या भोकावर) का चढतं?

नवखा_गळ
नमस्कार मंडळी. व्हाइस (गळ पकडणारा शिकंजा), बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारी नळी), कात्री, हॅकल प्लायर (पीस धरायचा चिमटा) आणि व्हिप फिनिशर (शेवटची गाठ मारायचं हत्यार) आहे. गळ १४ नंबरचे, ड्राय फ्लायचे (पाण्यावर तरंगणाऱ्या). दोरा ८/०. ट्राउटसाठी बांधायच्या आहेत. तीन अडचणी सुटत नाहीत:
- शेवटचं डोकं गळाच्या नेढ्यावर चढतं आणि त्यातून लीडर (फ्लायला बांधायची बारीक दोरी) ओवता येत नाही.
- शेपटी बांधताना दोरा ओढला की ती दांडीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसते.
- दोन मासे लागले की हॅकल (गळाभोवती गुंडाळलेलं पीस) उलगडते.

सुरुवातीला कोणत्या दोन-तीन फ्लाय शिकाव्यात? साहित्याचा तयार संच घ्यावा की सुटं घ्यावं?

खंड्या
ड्राय फ्लाय आणि १४ नंबर काही दिवस बाजूला ठेवा. वूली बगरपासून (पाण्याखाली चालणारी, पिसांची शेपटी असलेली फ्लाय) सुरुवात करा. १० नंबरचा (१४ पेक्षा मोठा) लांब दांडीचा गळ (३ एक्स), ६/० दोरा (८/० पेक्षा जाड), मॅराबू (मऊ, भुरभुरीत पीस), शेनिल (लव असलेली दोरी), सॅडल हॅकल (कोंबड्याच्या पाठीचं लांब पीस) आणि बारीक तार, एवढं पुरतं. एकाच रंगाचे, एकाच मापाचे बारा बांधा. माप बदललं की प्रत्येक वेळी प्रमाण नव्याने शिकावं लागतं, म्हणून बारा वेगवेगळे नमुने बांधण्यात अर्थ नाही.

गळाचा उलटा काटा पक्कडने आधीच दाबून घ्या. दाबताना गळ मोडला तर रिकामा मोडेल, बांधलेली फ्लाय वाया जाणार नाही. वजन हवं असेल तर ०.०२० इंची तारेचे १२ फेरे दांडीच्या पुढच्या अर्ध्या भागात घ्या, पण नेढ्यामागे दोन नेढ्यांएवढी जागा मोकळी राहू द्या. ही जागा सुरुवातीलाच सोडावी लागते, नंतर ती मिळत नाही.

मॅराबूची शेपटी दांडीइतकीच लांब ठेवा. जास्त लांब झाली तर पाण्यात गळाच्या वाकाला गुंडाळते, शिवाय मासा नुसती शेपटी तोडून नेतो. बोटं ओली करून पीस धरा म्हणजे तंतू उडत नाहीत. उरलेला बुडखा तिथेच कापू नका. वजनाच्या तारेपर्यंत दांडीवर आडवा बांधत आणा, नाहीतर मागे खड्डा आणि पुढे उंचवटा राहतो. मग मागच्या टोकाला बारीक तार बांधा. शेनिलच्या टोकाची लव नखाने ५ मिलिमीटर ओरबाडून आतला दोरा मोकळा करा आणि तो तेवढाच बांधा. लवेसकट बांधलं की गाठोडं होतं.

शेनिल पुढे आणून बांधली की हॅकल पुढे बांधा आणि ५-६ फेऱ्यांत मागे न्या. तिथे तारेच्या दोन फेऱ्यांत तिचं टोक पकडा आणि तार हॅकलमधून पुढे आणा. तंतू दबू नयेत म्हणून तार जराशी डोलवत न्या. हॅकल मागे जाते आणि तार पुढे येते, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला तार देठावर फुली मारून बसते. माशाच्या दातांनी देठ एके ठिकाणी तुटला तरी बाकीची हॅकल जागची हलत नाही. तुमची तिसरी अडचण इथे सुटते.

कातळकाठ
खंड्यांशी सहमत. पहिल्या दोन अडचणी दोऱ्याच्या आहेत, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

उजव्या हाताने बांधणाऱ्याचा दोरा दांडीवरून पलीकडे जातो आणि जाताना साहित्याला ढकलतो. शेपटी पलीकडे फिरते ती यामुळे. साहित्य दांडीच्या माथ्यावर न धरता जरासं आपल्या बाजूला कलतं धरा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत साहित्य आणि दांडी दोन्ही घ्या, दोरा चिमटीतून सैल वर न्या, पलीकडून खाली आणा आणि मग सरळ खाली ओढा. असे दोन फेरे झाल्याशिवाय चिमूट सोडायची नाही. तिसरा फेरा घट्ट.

घट्ट तीन फेरे जे धरतात ते सैल दहा फेरे धरत नाहीत. डोकं मोठं होण्याचं पहिलं कारण हेच: भरवसा वाटत नाही म्हणून फेरे वाढत जातात. ८/० दोरा नेमका कितीला तुटतो ते रिकाम्या गळावर मुद्दाम तोडून बघा. चार-पाच वेळा तोडला की हाताला अंदाज येतो, आणि त्याच्या किंचित अलीकडचा ताण नेहमी वापरायचा.

दुसरं कारण पिळाचं. गुंडाळताना दोऱ्याला पीळ चढत जातो आणि तो गोल, जाड होतो. बॉबिन लोंबकळत ठेवून वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, म्हणजे दोरा चपटा होतो. डोकं आणि अंगाचा पाया चपट्या दोऱ्याने करा, उंची वाढत नाही. पीळ घड्याळाच्या दिशेने चढवला की दोरा दोरीसारखा रुततो, तो प्राण्यांचे केस बांधायला बरा.

तिसरं, नेढ्यामागे एक नेढंभर दांडी शेवटपर्यंत उघडी दिसली पाहिजे. ती झाकली गेली तर तिथेच थांबून दोन पायऱ्या उलगडा. पुढे रेटलं तर डोकं नेढ्यावरच येणार. डोक्याला ५-६ फेरे आणि व्हिप फिनिशचे ५, बस.

रेशीमदोरा
तयार संच नको. त्यात वीस प्रकारचं साहित्य असतं, पण एका नमुन्याला लागणारं पूर्ण मिळत नाही, आणि हॅकल हमखास मऊ निघते. पैसे कात्रीवर आणि सिरॅमिक नळीच्या बॉबिनवर घाला. धातूच्या नळीच्या काठाला बारीक कंगोरा असला तर दोरा तिथेच कातरला जातो आणि माणूस ताणाला दोष देत राहतो. तार कापायला वेगळी, जुनी कात्री ठेवा.

ड्राय फ्लायकडे परत याल तेव्हा हॅकल कोंबड्याचीच घ्या. कोंबडीचं पीस मऊ असतं, पाणी धरतं. ते वेट फ्लायला (पाण्याखाली बुडणाऱ्या) उत्तम, पण तरंगायला निरुपयोगी. माप सोपं आहे: तंतूची लांबी गळाच्या तोंडाच्या (टोक आणि दांडी यांमधल्या अंतराच्या) दीडपट. पीस गळाभोवती वाकवून बघितलं की लगेच कळतं. देठाचा बुडखा २ मिलिमीटर उघडा करून बांधा. तंतूंसकट पहिला फेरा घेतला तर तंतू वेडेवाकडे फिस्कारतात आणि पुढचे सगळे फेरे त्यांच्यावर चढतात.

फक्त एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. बगरबरोबरच फेझंट टेल निंफ (फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या तंतूंची, पाण्यातल्या अळीची नक्कल) लगेच घ्या, तोही मूळ पद्धतीने. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांचा हा नमुना. त्यात दोरा नाहीच. बारीक तांब्याची तार आणि फेझंटच्या शेपटीचे चार तंतू, एवढंच. तारेनेच बांधायचं, तारेनेच छातीचा उंचवटा करायचा. तंतूंची टोकं म्हणजे शेपटी. उरलेली लांबी तारेभोवती पिळून अंगावर गुंडाळायची आणि शेवटी छातीवर मागे-पुढे दुमडायची. नुसते तंतू गुंडाळले तर पहिल्याच माशाच्या दातांनी तुटतात, तारेबरोबर पिळले की टिकतात. तारेवर चूक लपत नाही, म्हणून फेरे मोजायची सवय इथेच लागते.

नवखा_गळ
मनापासून धन्यवाद! दोन प्रश्न उरले. डबिंगचं (दोऱ्यावर पिळून लावलेल्या लवेचं) अंग कापसाच्या वातीसारखं फुगतं. आणि डोक्यावर यूव्ही रेझिन (अतिनील टॉर्चच्या प्रकाशात घट्ट होणारा लेप) लावलं तर ते चिकटच राहतं.

कातळकाठ
डबिंग जेवढं पुरेसं वाटतं त्याच्या निम्मं घ्या, मग त्याचंही निम्मं करा. दोऱ्यावर ते सावलीइतकंच दिसायला हवं. पीळ एकाच दिशेने द्या. बोटं मागे-पुढे चोळली तर दिलेला पीळ तिथल्या तिथे सुटतो. जाडी हवी असेल तर दुसरा थर द्या, पहिला जाड करू नका.

रेशीमदोरा
रेझिनचा थर जाड आहे किंवा टॉर्च अशक्त आहे. पातळ थर द्या, टॉर्च जवळ धरा, फ्लाय फिरवत सगळ्या बाजूंनी प्रकाश द्या. १४ आणि त्याहून बारीक गळांवर मला तरी साधं हेड सिमेंटच (डोक्यावर लावायचं वार्निश) बरं वाटतं. सुईच्या टोकावर एक थेंब घेऊन डोक्याला टेकवा. नेढ्यात गेलंच तर वाळण्याआधी एखाद्या टाकाऊ हॅकलचा देठ त्यातून आरपार ओढा, तंतू सगळं पुसून नेतात.

खंड्या
आणखी एक. नवीन पिसं आणली की थेट जुन्या डब्यात टाकू नका. बंद पिशवीत घालून आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. कसरीची अंडी एका पिसाबरोबर आली तरी सगळा साठा चाळणी होतो. आणि मासेमारीहून परतल्यावर फ्लाय पूर्ण वाळल्याशिवाय पेटी मिटू नका. नाहीतर गळ गंजतो, आणि डोक्याखालचा गंज दिसत नाही.