दुसरा मॉनिटर मदरबोर्डला लावावा की ग्राफिक्स कार्डालाच?

ऐरोलीकर
दिवसा ज्या पीसीवर ऑफिसचं काम, रात्री त्याच पीसीवर गेम. ऐरोली-घणसोलीत वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या किती जणांकडे दोन वेगळी यंत्रं मांडायला जागा असते? माझ्या टेबलावर समोर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आहे आणि बाजूला वर्क फ्रॉम होमच्या काळात घेतलेला साधा ६० हर्ट्झचा. रात्री बाजूच्यावर मॅच नाहीतर यूट्यूब, शिवाय डिस्कॉर्डवर गप्पा. प्रोसेसर इंटेलचा आय५-१२४००, कार्ड जीटीएक्स १६५०, त्याची स्वतःची मेमरी म्हणजे व्हीरॅम ४ जीबी.

गेल्या महिन्यात बाजूच्या मॉनिटरची एचडीएमआय केबल कार्डावरून काढून मदरबोर्डच्या पोर्टला लावली. कार्ड बसवलं की बरेच बोर्ड प्रोसेसरमधलं इंटिग्रेटेड ग्राफिक्स आपोआप बंद करतात, म्हणून आधी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन 'आयजीडी मल्टी-मॉनिटर' चालू करावं लागलं. काही बोर्डांवर त्याचं नाव 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' असतं. तेव्हापासून गेममध्ये मधूनच बसणारे झटके कमी झालेत. माझं ठाम मत आहे की प्रोसेसरमध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्स असेल तर दुसरा मॉनिटर त्यावरच चालवावा. पैसे मोजून घेतलेला तो भाग वर्षानुवर्षं पडून का राहावा?

घोडबंदरकर
असहमत. केबल हलवली म्हणजे भार हलला, हा समजच चुकीचा आहे.

हिशेब करून बघा. १०८०पी स्क्रीनचं एक चित्र म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट. झाले साधारण ८.३ एमबी. अशी तीन चित्रं राखून ठेवली तरी २५ एमबी. तुमच्या ४ जीबीला त्याने काय फरक पडणार? व्हीरॅम खातो तो ब्राउझर, त्यातला व्हिडिओ आणि डिस्कॉर्ड. आणि कोणत्या जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, चालायचं हे ही सॉफ्टवेअरं केबल बघून ठरवत नाहीत. मुख्य मॉनिटर कार्डावर असला की ब्राउझर बहुतेक वेळा कार्डावरच चालतो. म्हणजे चित्र कार्डच बनवतं, ते पीसीआयईवरून (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गावरून) मुख्य रॅममध्ये येतं आणि तिथून इंटिग्रेटेड ग्राफिक्स ते मॉनिटरला पोचवतं. कार्डाचं काम तेवढंच राहिलं, वर एक हेलपाटा वाढला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसेसमध्ये 'जीपीयू इंजिन' हा कॉलम लावा आणि ब्राउझरसमोर काय दिसतं ते इथे सांगा. तोवर दोन ड्रायव्हर सांभाळायचा सल्ला कृपया सगळ्यांना देऊ नका.

वाशीवाला
मी पीसी जोडून देतो, त्यामुळे रोजचं चित्र सांगतो. "नवीन कार्ड घेतलं, तरी गेम रडतच चालतो," अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींची मुख्य मॉनिटरची केबलच मदरबोर्डला असते. गेम कार्डावर चालला तरी प्रत्येक फ्रेम फिरून येते. १४४०पी, १४४ हर्ट्झ धरा, सेकंदाला २ जीबीच्या वर होतं ते. आणि गेमने चुकून इंटिग्रेटेड ग्राफिक्सच पकडलं तर विचारूच नका. म्हणून 'मदरबोर्डला लावा' हे वाक्य अर्धवट ऐकणाऱ्याच्या हाती पडलं की नुकसान होतं.

पण दुसरी बाजूही मीच सांगतो. थोडे पैसे वाचतात म्हणून लोक एफ अक्षराचे प्रोसेसर घेतात, १२४००एफ वगैरे. त्यात इंटिग्रेटेड ग्राफिक्सचा भाग बंदच असतो. माझं स्वतःचं कार्ड वॉरंटीत गेलं आणि कित्येक आठवडे परत आलं नाही. तेवढे दिवस धंद्याची बिलं मी इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर काढली. दुसरा मॉनिटर त्याला लावा किंवा लावू नका, तो भाग घेऊन ठेवा एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

कळवेकर
१४४ आणि ६० हर्ट्झ शेजारीशेजारी असले की झटके बसायचे, हे दुखणं खरं होतं. ६० हर्ट्झवाल्यावर व्हिडिओ सुरू झाला की १४४ वाला अडखळायचा. तेव्हा केबल मदरबोर्डला लावणं हा उपाय सगळे सांगायचे. पण २०२० च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज १० च्या २००४ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ते बरंचसं सुधारलं. आज त्यासाठी केबल हलवायची गरज मला दिसत नाही.

मी स्वतः मात्र हलवली आहे, ती उष्णतेसाठी. वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर एकाच कार्डाला लावले की कित्येक कार्डांच्या मेमरीचं घड्याळ (तिचा वेग) रिकाम्या वेळीही खाली उतरत नाही. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या आरएक्स ७९०० मालिकेच्या कार्डांबद्दल ही तक्रार इतकी झाली की एएमडीने ती मान्य करून पुढच्या ड्रायव्हरांमधून कमी करत नेली. मे महिन्यात कळव्यात दहा बाय दहाच्या खोलीत दुपारी नुसता मेल वाचताना कार्ड गरम वारा फेकत असेल तर त्याचा त्रास होतो. माझ्याकडे एकच मॉनिटर कार्डावर ठेवला आणि पंखे थांबले.

ऐरोलीकर
घोडबंदरकर, तुम्ही सांगितलं तसं पाहिलं. ब्राउझर कार्डावरच होता, महिनाभर. तुमचं म्हणणं मान्य. झटके कमी झाले त्याच सुमारास मी गेमच्या आधी टॅब बंद करायची सवयही लावून घेतली होती. श्रेय बहुधा तिचं.

पण म्हणून केबल परत कार्डाला लावायची, हे मला पटत नाही. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन ब्राउझर आणि डिस्कॉर्ड दोघांना 'पॉवर सेव्हिंग' दिलं, बंद करून पुन्हा उघडलं. आता दोन्ही इंटेलच्या जीपीयूवर दिसतात आणि कार्डाचा व्हीरॅम गेमला मोकळा मिळतो. केबल आणि ही सेटिंग, दोन्ही मिळून उपाय पुरा होतो. नुसत्या सेटिंगने भागवलं तर इंटेलने बनवलेलं चित्र पुन्हा कार्डाकडे न्यावं लागेल.

शिवाय एक गोष्ट कुणी बोललं नाही. यूट्यूब बऱ्याचदा एव्ही१ या पद्धतीने दाबून लहान केलेला व्हिडिओ देतं. जीटीएक्स १६५० ला एव्ही१ उलगडता येत नाही, म्हणजे ते काम प्रोसेसरच्या कोअरवर पडतं, तेही गेम चालू असताना. १२४०० मधल्या यूएचडी ७३० या इंटिग्रेटेड ग्राफिक्समध्ये मात्र त्याची खास सोय आहे. इथे वेगळं कार्ड मागे आणि 'फुकटचं' ग्राफिक्स पुढे आहे.

घोडबंदरकर
एव्ही१ चा मुद्दा बिनतोड आहे, घेतला. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डालाही तो लागू होतो. त्यात तर एव्ही१ नाहीच, वर व्हिडिओ एन्कोड करायची (रेकॉर्डिंग दाबून साठवायची) सोयही नाही, व्हीरॅम ४ जीबी आणि पीसीआयईच्या चारच लेन. व्हीरॅम भरून रॅमकडे धाव घेतली की त्या कार्डाचा जीव जातो. अशा कार्डवाल्यांनी जरूर करावं.

पण 'सगळ्यांनी' हा शब्द मला अजूनही खटकतो. आरटीएक्स ३० मालिकेपासून पुढे एव्ही१ कार्डातच आहे. ८ किंवा १२ जीबीवाल्याने कशासाठी करायचं? जो ओबीएस या सॉफ्टवेअरवर गेम रेकॉर्ड करतो त्याने तर जपूनच. ओबीएस एका जीपीयूवर आणि गेम दुसऱ्यावर गेला की कॅप्चरमध्ये काळी स्क्रीन येते, आणि माणूस आख्खी रात्र कारण शोधत बसतो. माझी अशी एक रात्र गेली आहे.

कळवेकर
इंटिग्रेटेड ग्राफिक्स मुख्य रॅम वापरतं, मग गेमचा वेग त्याने कमी होत नाही का, असं धाकट्या भावाने विचारलं. नुसता १०८०पी, ६० हर्ट्झ मॉनिटर चालवायला सेकंदाला अर्धा जीबी लागतो. डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन काड्या सेकंदाला ५१.२ जीबी देतात, म्हणजे जेमतेम एक टक्का. एकच काडी असेल तर २५.६. तशा पीसीत गेम आधीच अडतो, तिथे केबलच्या आधी दुसरी काडी घ्यावी.

कोपरखैरणेकर
माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर आहे. बोर्डाला एचडीएमआय आहे, पण मॉनिटर लावला तर 'नो सिग्नल'. बायोसमध्ये ती सेटिंगही सापडत नाही. बोर्ड खराब आहे का?

वाशीवाला
बोर्ड ठणठणीत आहे. ५६०० मध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्स नसतंच, त्या मालिकेत ते ५६००जीला आहे. बोर्डावरचं एचडीएमआय तशा प्रोसेसरसाठी ठेवलेलं असतं. रायझन ७००० पासून पुढे ७५००एफसारखे एफवाले सोडले तर छोटंसं ग्राफिक्स येतं. तुम्ही दोन्ही मॉनिटर कार्डालाच लावा आणि मॅच मोबाइलवर बघा.

ऐरोलीकर
घोडबंदरकर, 'सगळ्यांनी' मागे घेतो. ४ जीबी कार्ड आणि सोबत इंटेलची ११वी पिढी किंवा नंतरचा, एफ नसलेला प्रोसेसर, एवढ्यांसाठी माझं मत कायम आहे. ६ जीबीवाल्यांचं काय, यावर तुम्ही बोला.

घोडबंदरकर
६ जीबीला आधी ब्राउझरचे टॅब बंद करून बघा. केबल मी अजूनही कार्डालाच ठेवेन.