वेंगुर्ल्याच्या आई-बाबांना घेऊन ॲम्स्टरडॅम ते ग्रोनिंगेन, गाडीने

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. ॲम्स्टरडॅमजवळ आम्स्तलव्हेनला राहतो, तिसरं वर्ष. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा पहिल्यांदाच येतायत. गाव वेंगुर्ले. तिथली पडकी डच वखार पाहिली असेल तर कळेल, बाबांनी त्या भिंतींच्या कडेने जन्मभर सायकल हाकली आहे. व्हिसा लागल्यापासून एकच धोशा: "त्या वलंदेजांचा मुलूख दाखव. ट्यूलिप तुझ्या आईला दाखव."

ग्रोनिंगेनला मामेभाऊ शिकतो, त्याच्याकडे जायचंच आहे. हायवेने सरळ गेलं तर १८० किलोमीटरच्या आसपास, दोन तास. मला ते दोन तासच नकोत. शनिवारी सकाळी निघायचं, वाटेत बघत बघत जायचं, रविवारी रात्री परत. यादी अशी: झान्से स्खान्स, फोलेंडाम, मार्केन, एडाम, होर्न, एन्खाउझेन, उर्क, खीतहोर्न, ग्रोनिंगेन आणि येताना आफ्स्लाउटडाइक हा समुद्रावरचा बांध. बाबांचे गुडघे बेताचे. आईला दर दीड तासाने बाथरूम लागतं, शिवाय ती शनिवार पाळते. बाबा काहीच पाळत नाहीत. गाडी भाड्याची. लायसन आहे, पण इथे सायकल आणि ट्रेनमुळे गाडीची सवय मोडली आहे. सुचवा.

लेलीस्टाडची मावशी

यादी वाचूनच माझे गुडघे दुखायला लागले.

पहिली चार गावं खोडा. ती ॲम्स्टरडॅमहून कुठल्याही दुपारी बसने होतात. पवनचक्की, लाकडी बूट आणि चीजचं दुकान यांच्यासाठी गाडीचं भाडं कशाला भरायचं? बाबांना वलंदेज बघायचेत ना, मग सरळ एन्खाउझेन गाठा. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखा होत्या, त्यातली एक होर्नला आणि एक एन्खाउझेनला. आणि बाबांना हे नक्की सांगा: याच एन्खाउझेनमध्ये वाढलेला यान लिन्सखोटेन नावाचा पोरगा १५८३ साली गोव्याला पोचला, तिथल्या पोर्तुगीज आर्चबिशपच्या पदरी लिहिणावळीचं काम करत पाचेक वर्षं राहिला, आणि परत येऊन त्याने पोर्तुगीजांच्या सागरी वाटा पुस्तकात छापून टाकल्या, १५९६ साली. चाळीसेक वर्षांनी वेंगुर्ल्यात वखार उभी राहिली. म्हणजे तुमच्या बाबांच्या सायकलच्या रस्त्याचं एक टोक या बंदरात आहे. बंदराच्या तोंडाशी ड्रोमेडारिस म्हणून जुना बुरूज आहे, त्याच्या जवळ कॉफी घ्या. तिथेच आईंचं पहिलं बाथरूमही उरकेल.

तिथून हायवेला लागायचं नाही. एन्खाउझेन ते लेलीस्टाड पाण्यात बांध घातलाय, हाउट्रिबडाइक, पंचवीसेक किलोमीटर. सुरुवातीलाच रस्ता खाली उतरतो आणि डोक्यावरून बोटी जातात. पुलावरून बोट नाही हो, पाण्याचा अख्खा कालवाच रस्त्यावरून नेलाय. तिथे बाबांना जागं ठेवा. पुढे डाव्या हाताला आयसलमेर, उजव्या हाताला मार्करमेर. उजवीकडचं पाणी उपसून तिथेही जमीन करायची होती, म्हणून तर हा बांध. ते नंतर बारगळलं, आणि आपल्याला दोन्हीकडे पाणी असलेला रस्ता फुकटात मिळाला.

मग येतं आमचं गाव. बघण्यासारखं काही नाही, अकरा वर्षं राहून सांगते. पण १९५७ पर्यंत इथे समुद्राचा तळ होता आणि मी आज त्या तळावर वरण-भात लावते. परसात कोथिंबिरीसाठी वीतभर खणलं तर शिंपले निघतात. पांढरे, ठिसूळ, बोटाने चुरा होतो. पुढे नोर्डओस्टपोल्डरमध्ये (पोल्डर म्हणजे पाणी उपसून केलेली जमीन) शेतांच्या कडेलाही दिसतील. ट्यूलिपही तिथेच बघा. तिकीट नाही, रांग नाही, गाडीसाठी पाट्या लावलेला रस्ताच आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. शेतात पाय ठेवायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. आणि हे शेतकरी फुलं नाही, ट्यूलिपचे कांदे पिकवतात. कांदा पोसावा म्हणून फुलांची मुंडकी यंत्राने उडवतात, त्यामुळे काल लाल असलेलं शेत आज नुसतं हिरवं असू शकतं. एकाच शेताच्या भरवशावर जाऊ नका.

उर्क हे १९३९ पर्यंत बेट होतं. अस्सल मासेमारांचं गाव, बाबा खूश होतील. पण रविवारी जाल तर गाव चर्चमध्ये आणि दुकानांना कुलपं. तळलेला मासा सोडा, चहा मिळायची मारामार.

खीतहोर्न सुंदर आहे यात वाद नाही. मात्र एप्रिलातल्या शनिवारी दुपारी म्हणजे नाताळच्या सुट्टीतलं गणपतीपुळे. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. पूल सगळे कमानीचे, गुडघ्यांना जाच. विजेवरची होडी घ्या आणि बसून बघा.

२७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी ॲम्स्टरडॅमातून गाडी बाहेर काढायचा विचारही करू नका.

डावा इंडिकेटर

मावशींना +१. मी फक्त गाडीचं बोलतो.

गावातल्या साध्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क, मग ती सायकल का असेना. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग दिसली आणि टोकं तुमच्याकडे असली तर समोरच्या रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्यायचं. इथले लोक त्यांना शार्कचे दात म्हणतात, आणि ते खरंच चावतात. बहुतेक हायवेंवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ वेग १०० आहे, पाट्या बघत राहा. मी एकदा १०९ने गेलो. दंड परवडला, पण तो माझ्यापर्यंत पोचवल्याबद्दल भाड्याच्या गाडीवाल्यांनी लावलेला आकार बघून जास्त पोटात दुखलं. करार सही करण्याआधी ती ओळ वाचा.

बांधांवर वारा आडवा लागतो. छपरावर पेटी असलेली उंच गाडी घेऊ नका. पेट्रोल हायवेवर महाग, गावात शिरून भरा. ग्रोनिंगेनच्या मध्यात गाडी नेऊच नका. १९७७ साली त्यांनी शहराचे चार भाग पाडले आणि एका भागातून दुसऱ्यात गाडीने जाता येणार नाही अशी व्यवस्था केली. समोर दिसणाऱ्या मार्टिनी मनोऱ्याला मी तीन प्रदक्षिणा घातल्या आहेत. बाहेर पार्क करा आणि बसने आत जा.

कोकण रेल्वे

एवढा खटाटोप पाण्यासाठीच ना? मग रॉटरडॅम ते मिडलबर्ग करा. १९५३च्या पुरात इथे १८३६ माणसं गेली, त्यानंतर बांधलेले डेल्टाचे बांध एकामागून एक लागतात. पूर्व स्खेल्ड खाडीच्या तोंडावरचा अडसर एकटाच नऊ किलोमीटर, १९८६ साली पुरा झाला. आफ्स्लाउटडाइकपेक्षा दसपट नाट्य. नाहीतर ट्रेन.

खाडीकाठ

@कोकण रेल्वे, मामेभाऊ मिडलबर्गला शिकला असता तर नक्की.

मावशी, पेच आहे. रविवारी उर्क बंद, आणि शनिवारी आई माशाच्या वासालाही उभी राहणार नाही. बाबा एकटे खातील, पण मग आईचा चेहरा बघत खावं लागेल.

लेलीस्टाडची मावशी

यात पेच कसला? शुक्रवारी रजा टाका. शुक्रवारी एन्खाउझेन, बांध, ट्यूलिप, उर्क, आणि मुक्काम पोल्डरमध्येच. शनिवारी सकाळी खीतहोर्न, दुपारी ग्रोनिंगेन. रविवारी परतताना आफ्स्लाउटडाइक. तिथे मात्र एक सांगते, नाहीतर निराश व्हाल. फोटो बघून वाटतं दोन्हीकडे समुद्र असेल. गाडीतून एकाच बाजूचं पाणी दिसतं, वाडन समुद्राकडे भिंतीएवढा उंच बांध आहे. १९३२ साली शेवटची फट जिथे बुजवली तिथे डुडोक या वास्तुकाराने बांधलेला मनोरा आहे, तिथे थांबून वर चढल्याशिवाय काही हाती लागत नाही.

आणि आईंना चीज देताना बघा. बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. शनिवारी तरी विचारून घ्या.

खाडीकाठ

जाऊन आलो. मावशी, तुम्हाला दंडवत.

बोटीच्या कालव्याखालून जाताना बाबा नेमके झोपलेले. एन्खाउझेनच्या कॉफीबरोबर आईने बांधून आणलेली तीन थालीपीठं पोटात गेली होती, दुसरं काय होणार. पुढे जाऊन गाडी वळवली आणि परत आलो. दुसऱ्या खेपेला वरून एक शीड चाललं होतं. खाली आमच्या पुढे ट्रक, आणि ट्रकच्या वर, सावकाश, पांढरं शीड. बाबा काचेला नाक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्ना एकदा वळव." वळवली.

लिन्सखोटेनची गोष्ट ऐकून बाबांना आनंद झाला नाही, राग आला. "म्हणजे गोंयात ऱ्हवान, तेंचा खावन, तेंचीच वाट दुसऱ्याक दाखवल्यान!" पोर्तुगीजांची बाजू घेणारा वेंगुर्लेकर मी पहिल्यांदाच पाहिला.

उर्कला तळलेला मासा दोघांनी दोनदा घेतला, "मसालो खंय?" असं विचारत. कच्चं हेरिंग बघून आईने तोंड फिरवलं. खरा वेळ गेला तो वर, मासेमारांच्या स्मारकापाशी. वाऱ्यात पदर उडावा तसा झगा उडालेली एक बाई समुद्राकडे बघत उभी आहे, आणि भोवती बुडालेल्यांची नावं. अक्षरं रोमन, तरी बाबा बोट ठेवून एकेक नाव लावत होते. आडनावं पुन्हा पुन्हा तीच. "एकाच वाडीतली मानसा ही," म्हणाले. मी घड्याळ बघणं सोडून दिलं.

खीतहोर्नला साडेनऊला पोचलो, अकराला निघालो, तेव्हा बसेस रिकाम्या होत होत्या. ग्रोनिंगेनमध्ये भावाने मूगडाळीची खिचडी केली, यापलीकडे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी आफ्स्लाउटडाइकच्या अलीकडे रस्त्यावर झुरिक अशी पाटी आली. फ्रिसलंडमधलं चिमुकलं गाव आहे ते, पण आई ताठ बसली: "इतक्यात स्वित्झर्लंड इला?" मनोऱ्यापाशी बाबा गुडघे धरत चढले. दोन्हीकडचं पाणी बघितलं, ३२ किलोमीटर म्हणजे जवळजवळ वेंगुर्ला ते सावंतवाडी असा हिशोब केला. सगळ्यात जास्त आवडला तो खाली वाकून दगड बसवणाऱ्या गड्याचा पुतळा. पाठीला हात लावून म्हणाले, "ह्येका सुट्टी नाय."

शिंपल्यांचं राहिलंच. शुक्रवारी ट्यूलिपच्या रस्त्यावर आईसाठी गाडी थांबवली होती. समोर पिवळ्या फुलांचं शेत, आणि ही बया फुलांकडे पाठ करून चराच्या कडेला उकिडवी बसलेली. हातात चार शिंपले, मातीने भरलेले. रुमालाने पुसून मला दाखवले.

"शेतात तिसऱ्यो खंयसून इले रे?"