बहिणींना वगळून केलेला फॅमिली ट्रस्ट कोर्टात टिकावा का?

उंबरठा:
नात्यातलं प्रकरण, म्हणून नावं देत नाही. वडील गेल्यावर कपाट आवरताना धाकट्या मुलीच्या हाती फाइल लागली. राहतं घर आणि आजोबांकडून आलेली जमीन, दोन्ही फॅमिली ट्रस्टमध्ये. विश्वस्त दोघे भाऊ, लाभार्थी तेच आणि त्यांची मुलं. बहिणींच्या वाट्याला एक ओळ: 'लग्नात देणे ते दिले आहे.' आता दावा लागलाय आणि भाऊ म्हणतात, ट्रस्ट केला, विषय संपला.

माझ्या मते ही शुद्ध पळवाट आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी सहदायक झाली, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखीच जन्मतः वाटेकरी. वडील त्या वेळी हयात असोत-नसोत, तिचा हक्क जन्मापासूनचा, हे सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं केलं. सरळ वगळता येईना, म्हणून हा वळसा. असे ट्रस्ट सरसकट रद्द व्हावेत.

सातबारा:
'सरसकट'ला असहमत. घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलं असेल तर मुलगी काय, मुलगाही ब्र काढू शकत नाही. मृत्युपत्राने परक्याला देता येतं, मग जिवंतपणी ट्रस्टमध्ये का नाही? वाईट वाटेल, पण वाईट वाटणं हा दाव्याचा मुद्दा होत नाही.

जमिनीचं निराळं. बहिणीचा हिस्सा वडिलांचा नव्हताच, तर ते ट्रस्टला देणार कुठून? एकत्र कुटुंबाची मिळकत निव्वळ प्रेमापोटी बक्षीस देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलंय. म्हणजे एकाच डीडमधलं, ट्रस्टच्या दस्तातलं, घर टिकेल आणि जमीन सुटेल. दोन्ही एका दावणीला बांधू नका.

अर्धविराम:
पळवाट हा शब्द लागला, म्हणून लिहितेय. माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, स्वतःचे व्यवहार तो कधीच पाहू शकणार नाही. मृत्युपत्र मी मेल्यावर बोलणार, ट्रस्ट आज बोलतो. भाडं जमा झालं की आधी त्याला सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, मग औषधं, मग बाकीचं, हा क्रम डीडमध्ये लिहून ठेवलाय. मुलीला समोर बसवून एकेक कलम वाचून दाखवलं. दोन कलमांवर भांडली, एक बदललं.

उंबरठा:
ताई, तुमच्याबद्दल नव्हतं ते. तुम्ही वाचून दाखवलंत, इथे कपाटात ठेवलं.

वहिवाट:
कागद आणि वहिवाट जुळते का, हे कुणी विचारतच नाहीये. आमच्या काकांनी डीड रीतसर नोंदवलं, फी भरली आणि विसरले. ट्रस्टचं बँक खातं उघडलंच नाही. भाडं त्यांच्याच खात्यात, घरपट्टी त्यांच्याच नावे. परिशिष्टातल्या दोन गट नंबरांपैकी एक चुकलेला. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने फक्त पासबुक पुढे सरकवलं. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाचं कलम ६ बघा, मिळकत विश्वस्ताकडे हस्तांतरित व्हावी लागते.

सातबारा:
कलम अर्धंच वाचलंत. ट्रस्ट मृत्युपत्राने केला असेल किंवा करणारा स्वतःच विश्वस्त असेल, तर हस्तांतरण लागत नाही. काका विश्वस्त होते?

वहिवाट:
होते, पहिलं नाव त्यांचंच. तरी तीन वर्षं याच्यातच गेली, की काका भाडं मालक म्हणून घेत होते की विश्वस्त म्हणून.

गुंतवळ:
एवढं कशाला? डीडमध्ये लवादाचं कलम टाका, कोर्टाची पायरीच नको.

वहिवाट:
आम्हीही टाकलं होतं. उपयोग शून्य. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लाभार्थी डीडवर सही करत नाहीत, तेव्हा तो त्यांच्यातला लवादाचा करार होत नाही. शिवाय या तंट्यांसाठी न्यास अधिनियमातच दिवाणी कोर्टाची वाट आहे.

गुंतवळ:
बरं. पण सावकारांपासून तरी ट्रस्ट वाचवतो ना?

सातबारा:
देणी बुडवायच्या किंवा लांबवायच्या हेतूने केला असेल तर नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली सावकार तो रद्द करून मागू शकतो. मोबदला देऊन प्रामाणिकपणे घेणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, पण फॅमिली ट्रस्टने मोबदला दिलेलाच नसतो.

उंबरठा:
'सरसकट' मागे घेतो. लपवण्याबद्दलचं मत कायम. आज फाइल पुन्हा चाळली. परिशिष्टात जमिनीपुढे चक्क 'स्वकष्टार्जित' लिहिलंय. फेरफारात, म्हणजे मालकीबदलाच्या सरकारी नोंदीत, मात्र आजोबांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद आहे.

सातबारा:
एवढ्यावर हुरळू नका. आजोबा १९५६ च्या वारसा कायद्यानंतर गेले असतील, तर त्यांची स्वतःची जमीन वडिलांकडे वडिलांची स्वतंत्र मिळकत म्हणूनच येते. मग भावांचं पारडं जड. फेरफाराची तारीख काय?

उंबरठा:
शाई पुसट आहे, भिंगाखाली धरली. नोंद १९५४ ची.

सातबारा:
म्हणजे आजोबा कायद्याच्या आधीच गेले, जमीन वडिलोपार्जित ठरते. मग उद्याच प्रमाणित नक्कल काढा. आणि घराची मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहायला सांगा वकिलांना.