उजनीत हौशी गळवाल्यांना स्वतःची बोट उतरवू द्यावी का?

गळटाक्या (पुणे)
मंडळी, विषय आमच्या छंदाचा आहे, पण पाणी सगळ्यांचं म्हणून इथे मांडतो.

आम्ही सात-आठ जण दर पंधरवड्याला उजनी धरणाच्या काठी, भिगवणच्या अलीकडे-पलीकडे गळ टाकायला जातो. काठावरून मिळते ती चिलापी, तळहाताएवढी. कटला नाहीतर मरळ हवी असेल तर आत, बुडालेल्या बाभळींच्या खोडांपाशी जावं लागतं. म्हणून गेल्या महिन्यात हवा भरायची दोन माणसांची रबरी बोट घेतली. पंपाने फुगवून पाण्यात ढकलणार तोच दोघे हजर. "बोट कुणाला विचारून उतरवली?" मी म्हटलं, कुणाला विचारायचं असतं? एक म्हणाला मच्छीमार संस्थेला, दुसरा म्हणाला पाटबंधारे खात्याला. मग दोघांचं एकमेकांत जुंपलं. शेवटी पाचशे रुपयांवर आले. दिले नाहीत, बोट परत डिकीत भरली.

आमची मागणी साधी आहे. दौंड, इंदापूर आणि करमाळा, तिन्ही बाजूंना एकेक सार्वजनिक उतार असावा. पाण्यात जाणारा काँक्रीटचा रस्ता, गाड्या लावायला जागा आणि एक नोंदवही, बस. शुल्क भरू, पावती द्या. इंजिन नको, वल्ह्याचीच बोट. यासाठी सह्या गोळा करतोय.

भीमाकाठचा
दादा, पाचशे मागणारे चुकले, मान्य. पण "पाणी सगळ्यांचं" हे आम्हाला सांगू नका. धरण 1980 ला पुरं झालं तेव्हा ते पाणी आमच्या आज्याच्या मळ्यात आणि चुलीत शिरलं. पुण्यात कुणाच्या नाही. जमीन गेली म्हणून घरातली अर्धी माणसं जाळ्यावर आली. भोई लोक तर आधीपासूनच होते.

आता जाळ्याचं सांगतो. संध्याकाळी जाळी लावून येतो, पहाटे तीनला काढायला जातो. पाण्यावर जाळ्याची खूण काय? पाण्याची रिकामी बाटली, नाहीतर थर्माकोलचा तुकडा. तुमच्यासारख्याला वाटतं कचरा तरंगतोय. वरून वल्हं मारत जाता, गळ अडकतो, ओढून निघाला नाही की चाकू काढता. गळ तुमचा वाचतो, जाळ्याला भगदाड पडतं. ते विणायला माझ्या आईचे दोन दिवस जातात. सही देणार नाही.

गळटाक्या (पुणे)
भाऊ, जाळं मी तरी कधी कापलेलं नाही. कापणारे असतील, नाकारत नाही. पण म्हणून तर नोंदवही म्हणतोय. कोण कधी आत गेला हे लिहिलेलं असेल तर नुकसानभरपाई मागायला माणूस सापडेल. आज आम्ही चोरासारखे कुठूनही उतरतो, त्यात तुमचंही नुकसानच.

निवृत्त_पाटबंधारे
तत्त्वाचं भांडण बाजूला ठेवून एक कोरडा प्रश्न विचारतो. उतार कुठल्या पाण्याला बांधणार?

उजनीत पूर्ण पातळीला एकूण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचं, हिशोबात न धरलेलं पाणी. टक्केवारी मोजतात ती उरलेल्या उपयुक्त साठ्याची. चांगल्या पावसात पूर्ण पातळीच्याही वर पाणी साठवतात, म्हणून धरण 111 टक्के होतं, आणि उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की उणे जातं. 2024 च्या उन्हाळ्यात उणे 50 च्याही खाली गेलं होतं. ज्यांनी पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलेलं पाहिलंय त्यांना पाणी किती मागे हटतं हे सांगायला नको. ऑक्टोबरात पाण्याला टेकलेला तुमचा काँक्रीटचा उतार मे महिन्यात चिखलात संपेल, आणि तिथून पुढे पाण्यापर्यंत गुडघाभर गाळ. उलट मे महिन्याच्या पाण्याला बांधला तर वर्षातले बरेच महिने तोच पाण्याखाली.

शिवाय मधली जमीन रिकामी पडलेली नसते. पाणी हटलं की ती गाळपेरीला दिली जाते, धरणग्रस्त तिथे मका, कडवळ करतात. तुमची चारचाकी जाणार कुणाच्या मक्यातून?

तिरकस
पुणेकरांना उजनीत उतरायला वेगळा रस्ता कशाला? मुळा-मुठेतून त्यांचं सगळं रोज उतरतंच आहे.

गळटाक्या (पुणे)
तिरकसराव, टोला बसला. पण पाणी घाण करणारे आम्ही आणि ते स्वच्छ राहावं म्हणून ओरडणारेही आम्हीच गळवाले असतो, कारण मासा मेला की पहिली बोंब आमची.

निवृत्त साहेबांचा मुद्दा मात्र खरा आहे. काँक्रीट मागे घेतो. उतार नको, खुणेची जागा द्या. जिथे पाणी असेल तिथवर शेताच्या बांधाने पायी जायचं. रबरी बोट दोघं डोक्यावर नेतात, गाडी वरच राहील.

दुर्बीणवाली
माझा विरोध आहे आणि तो बोटीपेक्षा तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या धाग्याला, जास्त आहे.

दोन वर्षांपूर्वी कुंभारगावच्या काठावर एक शेकाट्या पक्षी लंगडताना दिसला. जवळ गेले तरी उडेना. पायात तंगूस इतकी घट्ट गुंडाळलेली की कातडीत रुतली होती, टोकाला एक छोटा गळ. नखं कापायच्या कात्रीने सोडवली. पाय गेलाच होता. जाळ्याची तंगूसही काठावर पडते, नाही असं नाही, पण रॉडवाल्यांनी तोडून फेकलेले गुंते मी पिशवीभर गोळा केलेत.

दुसरं असं की हिवाळ्यापासून रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब (हिवाळ्यात येणारे हंसासारखे पक्षी) उथळ पाण्यावर, गाळाच्या कडेला असतात. पक्षी दाखवणारे तिथले नावाडी वर्षानुवर्षं तेच करतात, म्हणून त्यांना कळतं कुठे थांबायचं. (सगळ्यांना नाही. फोटोवाला जरा जास्त पैसे द्यायला तयार झाला की काहींचं इंजिन थेट थव्यात जातं.) पंचवीस हौशी बोटी पंचवीस दिशांनी फिरल्या तर पक्ष्यांनी बसायचं कुठे?

दूरदेशी (मिनेसोटा)
आमच्याकडे तलावांवर सरकारी बोट-उतार ठिकठिकाणी आहेत आणि गळवाले त्यासाठी भांडतातही. पण इथे विरोध करतात ते तलावाकाठचे बंगलेवाले. ज्यांचा काठ विकत घेतलेला, त्यांना बाहेरचा माणूस नको. उजनीत विरोध करतायत ते ज्यांचा काठ बुडाला ते. त्यामुळे इथल्या गळवाल्याला न्यायाची बाजू घेणं सोपं जातं, गळटाक्यांना तितकं सोपं जाणार नाही.

एक नियम मात्र उचलण्यासारखा आहे. इथे बोट पाण्याबाहेर काढली की तळाचं बूच काढून पाणी सांडायचं, वेल-शेवाळ झाडायचं आणि बूच उघडं ठेवूनच गाडी रस्त्यावर आणायची, नाहीतर दंड. कारण झेब्रा शिंपले बोटीतूनच एका तलावातून दुसऱ्यात गेले.

भीमाकाठचा
शिंपल्यांचं माहीत नाही, पण आमच्याकडं सकर मासा आलाय. काटेरी, जाळं फाडतो, विकत कुणी घेत नाही. कुणाच्या तरी शोभेच्या टाकीतून आला म्हणतात. बाहेरून काय काय येतं ते आम्ही बघतोय.

पल्याडचा (करमाळा)
तुम्ही सगळे मासे आणि पक्ष्यांवर बोलताय. आमच्यासाठी ते पाणी म्हणजे रस्ता आहे. पलीकडे बाजार, दवाखाना, पाहुणे. वळसा घालून जायचं तर दिवस मोडतो, म्हणून माणसं, मोटारसायकली, सगळं होडीत.

21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात लहान लेकरं होती. बोटीतले एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले तेव्हा बाहेर कळलं. उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ भरून आलं की या पाण्यावर समुद्रासारखी लाट उठते. आणि हे साहेब हवेच्या बोटीत बसून मरळ धरणार!

तरी मी यांच्या बाजूने आहे, पुणेकरांच्या प्रेमानं नव्हे. काठावर पक्की जागा, नोंदवही, अंगात जॅकेट, वारा असेल तर बोट बंद हे सगळं आम्हालाच आधी पाहिजे होतं. गळवाल्यांच्या अर्जाला पुण्यात कुणीतरी हिंग लावून विचारेल. तेव्हा अर्जात आमचा होड्यांचा धक्का पहिला लिहा, तुमचा छंद खाली कुठंतरी.

गळटाक्या (पुणे)
पल्याडचे भाऊ, हे मला सुचायला हवं होतं. अर्ज बदलतो. पहिली मागणी प्रवासी धक्क्याची, जॅकेट सगळ्यांना सक्तीचं. नोव्हेंबर ते मे पक्ष्यांच्या उथळ भागात हौशी बोट नाही. तंगूस मोजून न्यायची, मोजून आणायची. (हे शेवटचं आमच्या ग्रुपवर टाकलं तर तिघांनी ग्रुप सोडला.)

एका गोष्टीवर मात्र अडून राहणार. "आमच्याच होडीत बसा, तुमचा गळ टाका" असं काठावर बरेच जण सुचवतात. तसं दोनदा गेलो. नावाड्याला घाई, मला गळाशी दोन तास गप्प बसायचं असतं. तिसऱ्या मिनिटाला तो विचारतो, "लागला का?"

भीमाकाठचा
दोन तास गप्प बसायचे पैसे देत असाल तर मी बसतो.

आता माझी अट ऐका. वडाप, म्हणजे बारीक आसाचं जाळं, लावणारे बोटाएवढी पिलं ओढून नेतात, कटला मोठा व्हायलाच देत नाहीत. तुम्हाला मोठा मासा मिळत नाही आणि मलाही मिळत नाही, त्याचं कारण तेच. आम्ही बोललो की गावातली भाऊबंदकी म्हणून सोडून देतात. तुमच्या अर्जात वडाप बंदीची कारवाई नावानिशी लिहा, मग बघू.

गळटाक्या (पुणे)
लिहिली. दुसऱ्या नंबरवर. आता सही?

भीमाकाठचा
सही नाही. संस्थेत विचारल्याशिवाय एकट्यानं करत नसतो.

तोवर येणार असालच तर पांढरी बाटली दिसली की पन्नास हात लांब राहा, ते माझं जाळं. हिरवी दिसली तर ते चुलत्याचं. त्याच्याशी माझं बोलणं नाही, पण तिथंही लांबच राहा.